डोळे किलकिले करून

साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आमचे सर दर रविवारी पहाटेच्या एस.टी.ने वाई गाठतात आणि तिथून मेणवलीला जातात, ते निसर्गाच्या चुका दुरुस्त करायला. नाना फडणवीसांबद्दल त्यांची तक्रार नाही. ‘घाट बरोबर जागी बांधलाय माणसानं!’ कृष्णेच्या पलीकडच्या काठावरच्या झाडांना मात्र कंपोझिशन कळत नाही. सर मग एखादं झाड चार बोटं डावीकडे सरकवतात, विजेचे खांब उपटतात आणि घाटाच्या पायरीवर लाल लुगड्यातली एक बाई बसवतात. बाई तिथे नसते. कधीच नसते. पण चित्रात लाल ठिपका हवा.

पावसाळ्यात सह्याद्री हिरवागार झाला की आपण गाड्या काढून धावतो. सर खिडकी लावून घेतात. ‘सगळा पालक झालाय नुसता!’ त्यांच्या पेटीत तयार हिरवा रंगच नाही. निळ्यात पिवळा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना घालून जो येईल तोच खरा. शिवाय हवेत ओल असली की रंगाचा वॉश वाळत नाही. त्यांचा मोसम म्हणजे मार्चमधली सकाळ, ऊन तिरकं असेपर्यंत.

बोर्डावर जाड हँडमेड पेपर चिकटपट्टीने ताणून बसवायचा, नदीचंच पाणी डब्यात भरायचं (‘चित्रातली कृष्णा खरी हवी’) आणि मग डोळे किलकिले करून बघत राहायचं. असं बघितलं की बारीकसारीक तपशील पुसला जातो, छाया आणि प्रकाश तेवढे उरतात. ही खोड त्यांना घरीही सुटत नाही. काकू म्हणतात, ‘अहो, दूध उतू गेलं.’ सर डोळे बारीक करतात. ‘त्या वाफेची कड बघ, कुठे आहे आणि कुठे नाही!’ पुढचं संभाषण छापण्याजोगं नसतं.

घाटावर समीक्षकांची वानवा नाही. घाटावरची, वसईहून आणलेली थोरली घंटा बघून झाली की मंडळी सरांच्या पाठीशी उभी राहतात. कुणी विचारतं, ‘‘स्वदेस’चं शूटिंग इथेच झालं ना?’ सर म्हणतात, ‘पाण्यातली सावली वरच्या भिंतीपेक्षा गडद बघा.’ दोघेही आपापल्या जागी समाधानी. खरा दणका गावातल्या पोराने दिला. बराच वेळ शांतपणे बघून तो म्हणाला, ‘काका, आमची म्हस राहिली की!’ सरांनी कोपऱ्यात दोन फटकाऱ्यांत म्हैस उभी केली. माझ्या मते त्या चित्रातली तेवढीच जागा जिवंत आहे, पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

काकूंना काश्मीर बघायचं आहे. विषय निघाला की सर चित्रकार आबालाल रहिमानांना पुढे करतात. त्यांना कोल्हापुरात बसून कोटीतीर्थ तळं जन्मभर पुरलं, मग आपल्याला मेणवली का नाही पुरणार? काकू म्हणतात, आबालालांचं लग्न झालं होतं का ते आधी विचारा.

तर रविवारी सकाळी मेणवलीला जाणार असाल, तर गाडी घाटासमोर लावू नका. सर ती चित्रातून काढतीलच, पण आधी तुम्हाला काढायला लावतील.