फाडफाड इंग्लिश

२०२०च्या जानेवारीत उस्मानाबादेत ९३वं मराठी साहित्य संमेलन झालं. गावाचं नाव आता धाराशिव. फाडफाड इंग्लिशची हौस मात्र तीच. क्लासात पोरं वाक्प्रचार घोकतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ तोंडपाठ, दारात टँकर. अशाच एका भूमच्या पोराला मुलाखतीत साहेब म्हणाले, “गावाबद्दल सांगा.” पोरानं ‘पीस ऑफ केक’पासून ‘वन्स इन अ ब्लू मून’पर्यंत सगळी शिदोरी एका दमात सोडली. साहेबही मराठवाड्याचेच. निम्मं डोक्यावरून गेलं, पण तसं दाखवतो कोण? मान डोलावत राहिले. बाहेर बाप उभा. “कसं झालं रे?”

“लई भारी बोललो, आबा. साहेबाला कायबी कळलं नाही.”