दोन डॉलरचे पाच बोर्ड

साकीनाक्यात माझ्या मित्राचा गाळा आहे आणि त्याचं पोट पाण्याच्या टाक्यांवर चालतं. सोसायटीची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे लेव्हल कंट्रोलर तो बनवतो. मुलुंडपर्यंतच्या कितीतरी वॉचमनची झोप त्याच्या भरवशावर आहे. कंट्रोलरच्या पोटात एक हिरवा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, असतो. डिझाइन बदललं की आधी नमुन्याला एक बोर्ड लागतो. एकच. आणि या धंद्यात एक नग घेण्याइतकं महाग काही नाही.

शेन्झेनचे कारखाने दहा बाय दहा सेंटिमीटरचे, दोन्ही बाजूंना तांबं असलेले पाच बोर्ड दोन डॉलरला देतात. जाहिरात खोटी नसते. आपलं डिझाइन, पोलंडच्या एखाद्या विद्यार्थ्याचं, ब्राझीलच्या एखाद्या हौशी माणसाचं, अशी अनेक डिझाइनं ते एकाच मोठ्या पत्र्यावर शेजारी शेजारी मांडतात, एकदम छापतात आणि मग कापतात. इथला बोर्डवाला फोनवरच सांगतो, "साहेब, फिल्मचे वेगळे, ड्रिलिंगचे वेगळे. शंभर नग घ्या, रेट देतो." त्याचंही खरं आहे. एका नगासाठी त्याला सगळा संसार मांडावा लागतो.

तर बोर्ड दोन डॉलरचे आणि कुरियर वीसच्या आसपास. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणणाऱ्या पिढीने हा हिशेब पाहिला असता, तर तिला आपला मसाला स्वस्तच वाटला असता. पुढे केवायसीची कागदपत्रं, अठरा टक्के आयजीएसटी, आणि तो कर कुरियरवाल्याने आपल्या वतीने भरला म्हणून त्याचं वेगळं शुल्क. उपकाराची पावती इतकी चोख मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पार्सल मुंबईत उतरलंच, तर विमान जरीमरीच्या पत्र्यांवरून घरघरत जातं, म्हणजे जवळजवळ गाळ्याच्या डोक्यावरूनच. मग सहारच्या कार्गोत ते विसावतं. मित्र त्या काळात ट्रॅकिंगचं पान असं उघडून बघतो, जसा काही त्याच्या बघण्याने कस्टम्सचा शिक्का लवकर पडणार आहे. गंमत म्हणजे इथून जवळच सीप्झ आहे. इलेक्ट्रॉनिक माल परदेशी पाठवण्यासाठी ते 1973 साली उभं राहिलं. त्याच्या सावलीतला हा गाळा साधा बोर्ड शेन्झेनहून मागवतो.

"इथेच का नाही बनवत?" असं मी एकदा त्याला विचारलं. त्याने उत्तर न देता खिडकीतून मिठी नदीच्या दिशेने बोट दाखवलं. बोर्ड बनवणं म्हणजे मुख्यतः तांबं काढून टाकणं. रेघा तेवढ्या ठेवायच्या, बाकीचं रसायनात विरघळवायचं. लहान कारखानदार त्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतो. ते तपकिरी पाणी मग कुठेतरी सोडावं लागतं, आणि ते नीट शुद्ध करून सोडायचं तर दोन डॉलरचं गणित उरत नाही. आपल्या बोर्डाचं पाणी तिकडे कुठे जातं, हे बिलात लिहिलेलं नसतं. विहार-पवईहून निघालेल्या मिठीने आधीच पुष्कळ पचवलं आहे, एवढं मात्र आम्हाला ठाऊक आहे.

एकाची गरज आणि पाच आले, म्हणजे चार उरतात. त्यातल्या एकावर चहाचा कप ठेवतात. एक भाच्याला मिळतो, तो त्याला रोबोट म्हणतो. बाकीचे खणात जातात आणि डिझाइन बदललं की त्यांना सोबत मिळते.

अलीकडे मित्राने शेन्झेनचीच युक्ती गल्लीत आणली आहे. बाजूचा एलईडीवाला, वरच्या मजल्यावरचा चार्जरवाला आणि तो, असे तिघं मिळून एकाच पार्सलात बोर्ड मागवणार. कुरियरचा खर्च वाटून घ्यायचा, भिशीसारखा. कागदपत्रं कुणाच्या नावाची, यावर एक संध्याकाळ गेली. सध्या ऑर्डर चार्जरवाल्यासाठी अडली आहे, कारण त्याच्या बोर्डाच्या आराखड्याची गर्बर फाइल अजून तयार नाही. घाई केली की तो म्हणतो, "अरे, थांब की. फ्रेट वाचतंय ना?"