माळ्यावरील वस्तूंची शिवणखात्यात भरती : नियम आणि अपवाद

मराठी घरात वस्तू टाकली जात नाही, ती माळ्यावर चढते. मोडक्या पलंगाचा खूर, विरून मऊ झालेली धोतरे, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, दिवाळी अंकांच्या चवडी, हे सगळे ‘असू दे, लागेल कधीतरी’ या एका वाक्याच्या बळावर तिथे मुक्काम ठोकून असते. हे ‘कधीतरी’ नेमके कधी उजाडते, याचा खुलासा आजवर कोणी केलेला नाही. प्रस्तुत मार्गदर्शिका तो करते. घरातले कोणी ब्लाउज शिवायला शिकते, मापे बरोबर, शिवण सरळ, तरी अंगात घातल्यावर ‘घरी शिवलाय का?’ असा प्रश्न येतो, तो दिवस म्हणजे कधीतरी. या प्रश्नाचे मूळ बहुधा टाक्यात नसते. टक्स घेऊन तसाच सोडलेला असतो, शिवण फाकवून दाबलेली नसते आणि इस्त्री फिरते ती सगळे शिवून झाल्यावर, तीही सपाट टेबलावर. छातीची गोलाई सपाट टेबलावर दाबली की तिला सुरकुती पडते. शिवणकामातला निम्मा भाग इस्त्रीचा असतो आणि त्यासाठी गोल उशी, वळकटी, ठोकळा अशी दोन-चार हत्यारे लागतात. ती माळ्यावर आहेत, हे आमचे म्हणणे. पण माळ्यावर आहे म्हणून कोणतीही वस्तू हत्यार होत नाही, हेही आमचेच म्हणणे. तेव्हा भरतीचा निकष एकच ठेवावा. उमेदवार दिसतो कसा, हे विचारू नये. तो तापल्यावर काय करतो आणि आजवर काय काय प्यायला आहे, एवढेच विचारावे.

या निकषावर पहिल्याच फेरीत निम्मी गर्दी ओसरते. इस्त्रीच्या तबकडीवरचा एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश सेल्सिअस, दोन म्हणजे 150 आणि तीन म्हणजे 200. सुती कापडाला तिसरा ठिपका लागतो. नळदुरुस्तीतून उरलेला पीव्हीसी पाइप गोल, गुळगुळीत, हलका असतो, बाहीत घालायला तर बापजन्मी मिळणार नाही असा. पण तो 80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो, म्हणजे पहिल्या ठिपक्यापर्यंतही पोचत नाही. सनमायका मारलेली फळी वाफ शोषत नाही, त्यामुळे कापड खालून ओले ते ओलेच राहते. प्लायवूडच्या तुकड्यात लाकडाच्या थरांमध्ये गोंद असतो. जुन्या साड्यांच्या बाबतीत विक्रेत्याने त्या वेळी काय सांगितले होते, यावर विसंबू नये. प्रत्येकीची अग्निपरीक्षा घ्यावी. पदरामागून दोन धागे ओढून चिमट्यात धरून पेटवावेत. कागद जळल्याचा वास येऊन मऊ राख झाली तर सूत, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, आणि धागा वितळून टोकाला टणक मणी जमला तर पॉलिएस्टर. ही परीक्षा साडीच्या मालकिणीच्या संमतीने घ्यावी, कारण ‘शुद्ध रेशीम’ म्हणून वीस वर्षे जपलेल्या साडीच्या टोकाला मणी जमल्यास होणाऱ्या परिणामांना ही मार्गदर्शिका जबाबदार नाही.

आता मुख्य पद, म्हणजे शिंप्यांची गोल उशी. विलायती शिवणकामाच्या पुस्तकांत तिला टेलर्स हॅम म्हणतात. अंडाकृती, एका टोकाला निमुळती, दगडासारखी घट्ट अशी ही उशी असते. तिच्यावर टक्स पसरून वाफ दिली की कापड गोलाई शिकते आणि थंड होईपर्यंत तसेच ठेवले तर शिकलेले विसरत नाही. कृती अशी : जाड सुती कापडाचे आणि जुन्या लोकरी कोटाचे प्रत्येकी एक अंडाकृती तुकडा कापावा, साधारण 35 सेंटिमीटर लांब आणि 25 रुंद. एक बाजू सुती कशासाठी, तर ती कडक उष्णता सोसते. दुसरी लोकरी अशासाठी, की लोकरी कापड लोकरीवरच दाबले तर त्याला चकाकी येत नाही. निमुळत्या टोकाला दोन्ही तुकड्यांत छोटे टक्स घ्यावेत, म्हणजे तिथे फुगवटा येतो. मग बोटभर तोंड ठेवून नव्हे, मूठ जाईल एवढे तोंड ठेवून शिवावे. बोटभर तोंडाचा मोह नवशिक्याला हमखास होतो आणि भुसा भरायला घेतला की कळतो. भुसा वखारीतून आणावा, आंब्याचा मिळाल्यास उत्तम. सागाच्या प्रतिष्ठेला भुलू नये; सागात मुळातच तेल असते आणि वाफेबरोबर ते कापडावर उतरू शकते. पॅकिंगच्या खोक्यांतल्या पाइनमध्ये राळ असते, तिचीही तीच गत. भुसा कडक उन्हात वाळवून चाळावा. त्यासाठी स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी नेऊ नये, नेल्यास परत आणू नये. भरताना मूठमूठ टाकून लाकडी दांड्याने ठासत जावे. उशी भरली असे तीनदा वाटते आणि तिन्ही वेळा ती निम्मीच भरलेली असते. अंगठा जोर लावून दाबला आणि खळगा पडला नाही, की मगच तोंड शिवावे. भुशाऐवजी तांदूळ किंवा गहू भरण्याची सूचना काही सुगृहिणी करतील. ती नम्रपणे नाकारावी. धान्य वाफेने दमट होते, श्रावणात त्यात टोके होतात आणि इस्त्री करताना आतून हालचाल जाणवू लागते.

दुसरे पद वळकटीचे. लांब शिवण फाकवून दाबताना कापड सपाट जागी असले तर दोन्ही मार्जिनच्या कडा सुलट बाजूने उमटतात. वळकटीवर मात्र इस्त्रीला फक्त शिवणीची रेघ लागते, मार्जिन दोन्हीकडे खाली उतरते आणि सुलट बाजू स्वच्छ राहते. या पदासाठी लाटण्याचे नाव सर्वांत आधी सुचवले जाते. ते तडक फेटाळावे. हा निर्णय लाटण्याच्या मालकिणीला भिऊन घेतलेला नाही. लाटणे वर्षानुवर्षे तेल-तूप प्यायलेले असते. कोरडे दिसते, पण इस्त्रीखाली आले की सगळे आठवून सांगते. त्याच्याहून थोर उमेदवार माळ्यावर बसला आहे, तो म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणूस हे अंक विकत घेतो, निम्मे वाचतो आणि सगळे ठेवतो. दोन-तीन अंक एकात एक घालून, पोकळी राहणार नाही असे करकचून गुंडाळावेत, सुतळीने बांधावेत, वर सुती कापडाचे दोन वेढे देऊन शिवून टाकावेत. कापडाचे वेढे टाळू नयेत, नाहीतर राशिभविष्याची शाई ब्लाउजच्या अस्तरावर उमटेल. इथे साहित्यप्रेमी आक्षेप घेतात की ही सरस्वतीची विटंबना आहे. आक्षेप गंभीर आहे, तेव्हा उत्तरही गंभीर असले पाहिजे. वाळवी लागण्याची वाट पाहत पडलेल्या अंकापेक्षा आठवड्यातून दोनदा हातात घेतला जाणारा अंक अधिक जिवंत असतो. शिवाय वाचलेला अंक निवडण्याची सक्ती नाही. ज्याची पाने अजून चिकटलेली आहेत, तोच घ्यावा.

तिसरे पद ठोकळ्याचे, आणि इथे शंकेखोर मंडळी सर्वाधिक असतात. लाकडाचा तुकडा घेऊन कापडावर ठेवायचा, याला कसले हत्यार म्हणायचे? तर त्याचे काम असे चालते. वाफेने धागे सैल होतात आणि नव्या घडीत बसायला तयार होतात, पण ती घडी पक्की होते ती कापड थंड आणि कोरडे होताना. इस्त्री उचलली आणि कापड मोकळे सोडले की घडी पुन्हा फुलते. कठीण लाकडाचा ठोकळा त्याच क्षणी वर ठेवला तर तो वाफ शोषतो, ऊब थोडा वेळ आत धरतो आणि घडी दबलेली राहते. लोखंड उष्णता पटकन ओढते पण ओल पीत नाही, प्लास्टिक दोन्ही करत नाही, म्हणून लाकूडच. पलंगाच्या खुराचा हातभर सरळ भाग कापून, पॉलिश पूर्ण खरवडून, कडा पॉलिश पेपरने गोल करून घेतल्यास काम भागते. कपडे धुण्याची लाकडी मोगरी तर जवळजवळ तयारच हत्यार आहे. तिची एक बाजू सपाट, मूठ हाताला बसणारी, आणि आयुष्यभर पाणी-साबणाशिवाय ती काही प्यायलेली नाही. हल्ली मोगरीही प्लास्टिकची येते, तिचा अर्ज वाचूही नये. लाकूड कोणतेही असो, नेमणुकीपूर्वी त्यावर ओले पांढरे फडके ठेवून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर तांबूस रंग उतरला तर उमेदवाराला माळ्यावर परत पाठवावे. आणि ठोकळा दाबून धरायचा असतो, आपटायचा नसतो. खालच्या मजल्यावरील रहिवाशांच्या वतीने हे स्पष्ट करणे भाग आहे.

घरचे हत्यार कच्चे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे टेबल निरखून पाहावे. घड्या घातलेली जुनी ब्लँकेटे, त्यांवर ताणलेली चादर, शेजारी पाण्याचे भांडे. त्या टेबलावर एकही वस्तू ‘इस्त्रीसाठी’ म्हणून बनलेली नसते, अपवाद फक्त इस्त्रीचा. ती कोळशाची आणि 5-6 किलोची असते. वाफेचे बरेचसे काम तिचे वजनच करते. आपली विजेची इस्त्री किलोभराची, म्हणून आपल्याला उशी-ठोकळ्याचे साहाय्य घ्यावे लागते, एवढाच फरक. खुद्द इस्त्रीही परंपरेने कामचलाऊच आहे. पितळी तांब्यात निखारे भरून, सांडशीत धरून सदऱ्यावर फिरवणारी माणसे या देशात होती आणि त्यांचे सदरे कडक दिसत. इस्त्रीखालच्या बैठकीसाठी माळ्यावर घोंगडी असल्यास दुसरे काही शोधू नये. लोकर ओल पिते आणि ऊब धरते. फक्त घोंगडी विणताना लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, ती नव्या घोंगडीत उरलेली असते, तेव्हा आधी दोन-तीनदा धुवून घ्यावी आणि वर सुती चादर पसरावी. कापड आणि इस्त्री यांच्यामध्ये घालायला आजोबांच्या धोतराइतके लायक फडके बाजारात नाही. इतक्या धुण्यांनंतर त्यात ना खळ उरलेली असते, ना रंग, ना सुटे तंतू.

किरकोळ पदांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. खुणा करायला साबणाची झिजलेली चिपटी चालते. मात्र त्वचा मुलायम ठेवण्याचे वचन देणारा साबण कापडावर तेच वचन पाळतो आणि तेलकट डाग ठेवतो. कॉलर आणि खिशाच्या झाकणाचे साचे लग्नपत्रिकांतून कापावेत. पुठ्ठा उत्तम असतो. कापड कापताना कागद हलू नये म्हणून चार आण्यांची नाणी पुरचुंडीत बांधावीत. सरकारने 30 जून 2011 पासून त्यांना चलनातून काढले, पण त्यांचे वजन काढून घेतलेले नाही. सुया टोचायला करवंटीत गुंतवळ ठासून वर कापड ताणावे. वाचकाला इथे विसंगती दिसेल. तेलामुळे लाटण्याला घरी पाठवले आणि खोबरेल प्यायलेल्या केसांना मात्र सन्मानाने नेमले, हे कसे? विसंगती नाही. पिनकुशनला इस्त्री लागत नाही, आणि पावसाळ्यात सुईला गंज चढू नये म्हणून ज्या तेलकटपणाची गरज असते, तो नेमका गुंतवळात असतो. या केसांवर भांडी देणारे फेरीवाले दारोदार हिंडत आले आहेत, तेव्हा त्यांना मोल आहे हा आमचा शोध नव्हे.

राहता राहिला पैशाचा आक्षेप. ही सगळी हत्यारे आता ऑनलाइन घरपोच मिळतात, आणि भुसा आणायला वखारीत जाण्याचे रिक्षाभाडे धरले तर घरची उशी स्वस्त पडतेच असे नाही. हे खरे आहे, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’चे प्रचारक हा हिशेब टाळतात म्हणून मुद्दाम सांगितले पाहिजे. फायदा आहे तो मापाचा. विकतची उशी कोणत्यातरी सरासरी अंगासाठी केलेली असते, आणि सरासरी अंग कोणालाच नसते. घरची उशी लहान मुलीच्या परकर-पोलक्यासाठी छोटी, बाहीच्या गोलाईसाठी निमुळती, हवी तशी भरता येते, आणि चुकली तर उसवून पुन्हा भरता येते. दुसरे असे म्हणतात की एवढेच स्वावलंबन हवे तर शिवणयंत्रही घरीच करा. त्यांना 1924 सालचा दाखला द्यावा. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. गोल उशीचा उल्लेख त्यांनी केला नाही, म्हणजे ती घरी करायला हरकत नसावी.

नेमणुकीनंतर पहिले काही दिवस प्रत्येक हत्यारावर फक्त अस्तराचे कापड दाबावे. पैठणीचा ब्लाउज परिवीक्षा काळ संपेपर्यंत जवळ आणू नये. या काळातला मुख्य धोका घरातल्या माणसांचा असतो. उशी टणक आणि मानेखाली बसेल अशा आकाराची असल्याने जेवणानंतर कोणीतरी ती डोक्याखाली घेतेच, आणि डोक्याला तेल असते. असा डाग पडलेली उशी इस्त्रीच्या कामातून तात्काळ कमी करावी. धुऊन भागत नाही, भुसा भिजतो. पण तिला बडतर्फ करण्याचे कारण नाही. वर नमूद केलेल्या नियमानुसार तेलकट वस्तू सुया टोचण्याच्या खात्यात पात्र ठरते, तेव्हा तिची तिकडे बदली करावी. सुया टोचण्यापूर्वी झोपलेल्या व्यक्तीला उठवावे.