पंच्याचं भूत

दिवाळीच्या तोंडावर घरातली जाळी काढायची, हे काम मी चाळीस वर्षं इमानेइतबारे केलं. कुंच्याला लांब काठी बांधायची, डोक्याला फडकं गुंडाळायचं आणि माळ्यापर्यंत सगळं झाडून काढायचं. २०२४च्या दिवाळीत आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे होतो. तिथे नातीने माझ्या हातात कापसाचा गुंडा ठेवला आणि म्हणाली, "आजी, दाराला जाळी लाव ना!"

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला. त्या वर्षी कालनिर्णयात नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी. म्हणजे पहाटे नरकासुर मारायचा आणि संध्याकाळी त्याच्या भाऊबंदांना दारात चॉकलेटं वाटायची! समोरच्यांनी अंगणात बारा फुटी सांगाडा उभा केला होता. आमच्याकडे मात्र 'घरात असेल त्यातूनच करायचं' असा सुनेचा दंडक. त्या दिवशी ती मला फारच आवडली.

कापूस हातात आला की माझी बोटं मला विचारत नाहीत. जाळ्यासाठी तो नुसता विस्कटून, ताणून, कुठे दाट कुठे विरळ असा लावायचा असतो. माझं जाळं तयार झालं, तर त्याला सारख्या अंतरावर मणी!

"आजी, हे तर बाप्पाचं वस्त्र आहे."

कुंकवाची बोटं लावायचीच काय ती राहिली होती. शेवटी मी वाती वळायला बसले आणि जाळ्याचं खातं तिच्याकडे दिलं. पाच मिनिटांत तिने दाराची अशी दशा केली, की माझे हात कुंच्यासाठी शिवशिवू लागले. सून म्हणाली, "वा, किती खरं वाटतंय!" माझ्या घरात असं कुणी म्हटलं असतं तर मी आठवडाभर बोलले नसते.

भोपळा कोरायचं काम मुलाचं. आयर्लंडमध्ये म्हणे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ती मंडळी अमेरिकेत आली आणि त्यांना भोपळा गवसला, आकाराने मोठा, कोरायला सोपा. आतला गर टाकवेना म्हणून मी घारगे केले. कोरायचे भोपळे पाणचट आणि दोरे-दोरे असलेले असतात, हे मला घारगे तळून झाल्यावर कळलं. ह्यांनी दोन खाल्ले, तिसरा अंगणातल्या खारीपुढे टाकला. तिने तो हुंगला आणि कोरलेल्या भोपळ्याकडे वळली.

भुतात मात्र मी बाजी मारली. खळीत भिजवलेलं पातळ कापड फुग्यावर पसरायचं आणि वाळल्यावर फुगा फोडायचा, की भूत आपल्या पायांवर उभं. खळ म्हटल्यावर मला कोण शिकवणार? ओक ट्री रोडवरून उपासासाठी आणलेला साबुदाणा होताच. भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवला, गाळला. सुती साड्यांना आयुष्यभर हीच खळ केली. पातळ कापड म्हणून ह्यांचा पंचा घेतला. स्टुलावर तांब्या, तांब्यावर फुगा, फुग्यावर पंचा. रात्रभरात असा कडक झाला, की निवडणुकीला उभा राहिला असता. नातीने मार्करने दोन डोळे काढले. आपल्या हडळीचे पाय उलटे तरी असतात, ह्याला पायच नव्हते. पण झुळकीसरशी डुलायचा झकास.

नरक चतुर्दशीला पहाटे पाचला न्हाणीघरातून हाक आली, "अगं, पंचा कुठाय?"

घरात सतरा टॉवेल होते. पण अभ्यंगस्नानाला ह्यांना पंचाच लागतो. मी काळोखात, कुडकुडत ओसरीवर गेले, भुताला काखेत मारलं आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं. आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग हे बाहेर आले, कमरेला तो कडकडीत पंचा, आणि मागच्या बाजूने दोन काळेभोर डोळे सगळ्या घराकडे टकमका बघतायत.

नात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने घाबरली ती तेव्हा. पाण्याने खळ गेली, मार्कर गेला नाही. तेव्हा तुम्ही करणार असाल तर साबुदाण्याचीच खळ वापरा, फार छान बसते. कापड मात्र ज्याचं असेल त्याला आदल्या रात्री विचारून घ्या.