बोलणाऱ्यांची नावे

गुरुजी वर्गाबाहेर जाताना मॉनिटरच्या हाती खडू देतात. ‘जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही.’ लोणावळा असो की पवन मावळातली दोन खोल्यांची शाळा, मुलाची सत्तेशी पहिली ओळख ही अशी होते. खडू ज्याच्या हाती तो मोठा. आणि गुन्हा कोणता? बोलणे.

तिसरीत मी मॉनिटर होतो. दोस्तांची नावे पुसायचो. ज्याच्याशी बिनसले त्याच्या नावापुढे फुली मारायचो. एक फुली म्हणजे एक छडी जास्त. हे मला कोणी शिकवले नव्हते. खडूचा हिशेब मागणारे कोणी नव्हते, तेवढे पुरले. छडी आता कायद्याने गेली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी केली. खडू अजून तिथेच आहे.

पुढे शालेय मंत्रिमंडळ येते. मतदान होते, शपथ होते, छातीवर बिल्ला लागतो. आरोग्यमंत्री नखे तपासतो. पण टाकी महिनाभर धुतली नाही म्हणून वर्गाने पाणीमंत्र्याला उभे करून जाब विचारला, असे मी तरी कुठे ऐकले नाही. खुर्चीवर बसवायचे कसे ते मुलांना येते. खाली उतरवायचे कसे, हा धडा आपण गाळतो.

मावळात तो गाळणे अन्यायाचे आहे. इथल्या मुलाच्या डोळ्यांसमोर पवना धरण आहे. त्यात जमिनी गेलेल्या घरांतली तिसरी पिढी पुनर्वसनाच्या गोष्टी ऐकत वाढली. धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, शेतकरी बौरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई. काम पुढे कित्येक वर्षे थांबून राहिले. आज चौथीत असलेले मूल तेव्हा जन्मलेही नव्हते, पण घरी ही हकिकत त्याच्या कानावर पडते. जलवाहिनी कोणी ठरवली? गोळीचा हुकूम कोण देऊ शकतो? दाद कुठे मागायची? नऊ वर्षांचे मूल हे तीन प्रश्न सहज विचारते. शाळेत त्याला ‘मोठा झालास की कळेल’ हेच उत्तर मिळते.

सत्ता वाईटच असते असे मुलांना सांगा, असे माझे म्हणणे नाही. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले आणि प्रशासनाने पर्यटनस्थळांवर बंधने घातली. ती पाळलीच पाहिजेत. पण लोणावळ्याच्या मुलाला ‘पोलीसकाका पकडतील’ म्हणून अडवू नका. पाणी एकाएकी कसे वाढते, पाय का टिकत नाही, ते सांगा. कारण कळलेले मूल पोलीस नसतानाही थांबते, आणि ज्या हुकमाला कारणच नाही तो त्याला ओळखू येतो.

सुरुवात करायला नवे पुस्तक लागत नाही. बऱ्याच गावांत १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरते. त्याआधीच मुलांच्या हातावर खाऊ ठेवून त्यांना घरी पिटाळतात, म्हणजे खरा धडा सुरू होताना वर्ग सुटतो! या वर्षी त्यांना बसवून घ्या. मत नसेल त्यांना, कान तर आहेत. सरपंचाला हिशेब विचारताना आपली आई उठलेली त्यांना दिसू द्या. उत्तर देताना सरपंच चाचरला तर तेही दिसू द्या. आणि सभा संपायच्या आत एखाद्या पोरीला विचारू द्या, आमच्या शाळेच्या संडासाला कडी कधी बसणार? सरपंचाचे उत्तर तारखेसह तिलाच शाळेच्या फळ्यावर लिहायला सांगा. खडू तोच.