बोरघाट, दुसरा मजला

इंजिन ड्रायव्हर व्हायचं ठरवलेली मुलं मोठी झाली की बँकेत लागतात. तिथे ती आयुष्यभर लोकांची कर्जं मार्गी लावतात आणि पन्नाशीत कधीतरी त्यांना स्वतःच्या पैशाने आगगाडी घ्यायची ऐपत येते. गुडघे तोवर गेलेले असतात. हा छंद मुख्यतः टेबलाखाली ओणवं राहून करायचा असतो, हे मात्र खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं.

माझ्या डोक्यात हे खूळ भरलं ते कोथरूडमध्ये. तिथे भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. पाहुण्यांच्या मुलांना ते दाखवायला नेलं. तासाभराने मुलं घरी यायला तयार झाली, मी झालो नाही.

बांधायचा तर बोरघाटच, असं मी जाहीर केलं. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढतो, वाटेत तेव्हा पंचवीस बोगदे. जेम्स बर्कली या इंजिनिअरच्या आराखड्यावर हे काम सात वर्षं चाललं होतं. मी दिवाळीची सुट्टी पुरेशी धरली.

छोट्या गाड्यांत सर्वांत चालणारं माप म्हणजे एच-ओ, खऱ्याच्या एकास सत्त्याऐंशी. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. या मापानेही घाट सुमारे २९० मीटर लांब आणि जवळजवळ साडेसहा मीटर उंच होत होता. म्हणजे कर्जत आमच्या हॉलमध्ये ठेवलं तर खंडाळा गल्लीच्या टोकाला, चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी बाल्कनीत. सौ.नी आठ बाय चार फुटांचा एक प्लाय मंजूर केला. त्यावर अख्खी डेक्कन क्वीनसुद्धा सरळ उभी राहत नाही. तेव्हा माझी राणी चार डब्यांवर आली आणि बर्कलीचा घाट दोन वळशांवर.

शिवाय आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, तर एच-ओचे साडेसोळा मिलिमीटरचे रूळ युरोपातल्या १,४३५ च्या हिशेबाने केलेले. जाणकारांच्या नजरेत हे येऊ नये म्हणून मी खडी सढळ हाताने टाकली. घरी जाणकार कुणी आलंच नाही. खडी मात्र अजून अंथरुणात सापडते.

चौकट ठोकायला आलेल्या सुतारांनी आडव्या-उभ्या पट्ट्या पाहून विचारलं, "साहेब, यावर झोपणार कोण?"

"पुणे-मुंबई लाइन," मी म्हणालो. त्यांनी उरलेले पैसे तिथल्या तिथे मागून घेतले.

गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांतून सह्याद्री उभा राहिला. वर गाडी वळवून परत आणायला मी एक देखणा फास टाकला: गाडी गोल फिरेल आणि आल्या रुळांवरून खाली येईल. बटण दाबलं. काहीतरी 'टक्' झालं आणि सगळं थंड. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने फासावरून नुसतं बोट फिरवलं. या गाड्या बारा व्होल्टवर चालतात. एक रूळ धन, दुसरा ऋण. रूळ वळून स्वतःलाच मिळाला की डावा उजव्याला चिकटतो. "काका, तुम्ही लाखभर खर्चून शॉर्ट सर्किट बनवलंय," तो म्हणाला. सौ. दारातच उभ्या होत्या. फासाचं कळलं त्याचं काही नाही, पण लाखभर हा आकडा त्यांना तोवर माहीत नव्हता.

फास दोन्हीकडून तोडून वेगळा केला, उलटसुलट करायचा स्विच लावला. मग चढ. खऱ्या घाटातली सर्वांत कडक चढण सदतीसास एक, आणि मीही तीच ठेवली होती. इंजिन पहिल्या वळणावर जागच्या जागी चाकं फिरवू लागलं. उपाय ठाऊक होता. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन जोडतात. ते रेटा देतं, वर मध्ये कपलिंग सुटलंच तर डबे मागे घरंगळू देत नाही. मीही मागे एक इंजिन लावलं. पण एकाच करंटवर दोन इंजिनं एका वेगाने चालतीलच असं नाही. माझं मागचं इंजिन जास्त उत्साही निघालं आणि मधले डबे वळणावर कोपर मारल्यासारखे बाहेर पडले. मी बँकर काढून टाकला. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

उद्घाटन १ जूनला ठरलं, कारण डेक्कन क्वीन १९३० साली त्याच तारखेला सुरू झाली. मग पाऊस आला, प्लाय फुगला आणि पळसदरीपाशी रुळांना कुबड आलं. त्यात धूळ. इंजिनाला करंट मिळतो तो रूळ आणि चाक टेकतात तेवढ्याच जागेतून. तिथे काजळी धरली की गाडी हुंदके देते. म्हणजे गाडी पाच मिनिटं चालवायची तर रूळ तासभर पुसायचे. मी आईच्या इंजेक्शनसाठी आणलेलं स्पिरिट वापरलं. "तुझ्या गाडीला ताप आहे का रे?" आईने विचारलं.

अखेर गाडी धावली ती गौरींपुढे, हलता देखावा म्हणून. हळदीकुंकवाला बायका जमल्या. उघड्या वाघिणींत खोबरं, खारीक, खडीसाखरेची खिरापत भरून मालगाडी कर्जतहून सुटली. मी टेबलाखाली एक सैल वायर बोटाने दाबून धरली होती. वरच्या वळणावर खिरापतीचं ओझं कपलिंगला पेलवलं नाही. इंजिन एकटंच खंडाळ्याला गेलं. वाघिणी उलट निघाल्या.

यासाठीच घाटात कॅच सायडिंग असतात. त्यांचे सांधे एरवी सायडिंगच्याच बाजूला लावलेले. सुटलेली गाडी तिकडे वळते, डोंगरावर चढते आणि तिचा वेग जिरतो. ही सोयही मी हौसेने केली होती, आणि सांगायला अभिमान वाटतो की सांधा अगदी बरोबर लागलेला होता. फक्त माझ्याकडचा डोंगर संपला होता. सायडिंग प्लायच्या कडेशी थांबायची, आणि कडेशी शेजारच्या काकू पदर पसरून बसल्या होत्या, कारण सौ. नेमक्या त्यांची ओटी भरत होत्या.

चार वाघिणी, खोबऱ्यासकट, ओटीत.

क्षणभर शांतता. मग काकूंनी पदर सावरला, वाघिणी परत केल्या, खोबरं ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "गौरीचीच इच्छा."

दुसऱ्या दिवशी निम्मी सोसायटी सायडिंगच्या तोंडाशी पदर पसरून बसायला आली. सौ.नी लगेच वेळापत्रक लावलं, संध्याकाळी पाच ते आठ. लेक ड्रायव्हर झाली. आई कंट्रोलर, तिच्या मानेशिवाय गाडी सुटत नाही. कपलिंग मुद्दाम सैल ठेवायचं ठरलं. माझ्याकडे रूळ पुसणं आणि टेबलाखालची वायर.

बढतीसाठी अर्ज केला आहे. गुडघ्यांचं सर्टिफिकेट आणा, असं सौ.नी त्यावर लिहून परत पाठवला.