बारभाईंची शेती

रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्था आहेत आणि तिन्ही अन्नाच्याच. एक शेतीचा सल्ला देते, दुसरी धान्य वाटते, तिसरी गरीब शेतकऱ्याच्या नावानं सरकारांना कर्ज देते. शहर एक, मुख्यालयं तीन, प्रमुख तीन. त्यांनी आपसात मेळ घालावा म्हणून आजवर जेवढा कागद खर्ची पडला, तो नुसता रद्दीत घातला तरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एखादा बंधारा उभा राहील.

त्यातली तिसरी, आयफाड, ही आपली पाहुणी. २००९ साली तिनं यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी कर्ज मंजूर केलं. समन्वयित कृषी विकास प्रकल्प, लोकांच्या तोंडी ‘केम’. एकूण खर्च जवळपास १२ कोटी डॉलर. त्यात आयफाडचे साधारण ४ कोटी. बाकी राज्य सरकार, टाटांचा न्यास, बँका, खासगी कंपन्या, आणि यादीच्या तळाशी लाभार्थी. ही तळाची ओळ ध्यानात ठेवा.

तोवर आम्ही शेतकरी आत्महत्यांवरची सरकारी पॅकेजं पचवून बसलो होतो. डिसेंबर २००५ मध्ये राज्याचं १,०७५ कोटींचं, जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं. पॅकेजात गायी आल्या. गायीचा चारा कुठल्या खात्यानं बघायचा हे मात्र ठरायचं राहून गेलं. म्हणून ‘केम’वाले म्हणाले, नवीन काही वाटायचं नाही, आहे त्या योजनांची मोट बांधायची. कल्पना चोख होती. मोट बांधायला एक नवा प्रकल्प, त्याचं अमरावतीत एक नवं कार्यालय आणि जिल्ह्याजिल्ह्यात नवी माणसं लागली, एवढंच.

आता गंमत बघा. त्याच आयफाडचा ‘तेजस्विनी’ हा दुसरा प्रकल्प २००७ पासून राज्यभर चालू होता, माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या हातून. ‘केम’मधलं बचत गटांचं कामही माविमकडेच. म्हणजे सावकार एक, जिल्हा एक, राबवणारं महामंडळ एक आणि प्रकल्प दोन. दोन प्रकल्प म्हटले की दोन आराखडे, दोन लेखापरीक्षणं आणि रोमहून येणारी दोन पथकं. आपलाच आपल्याशी समन्वय राखायचा तर इतकी यातायात. दुसऱ्याशी राखायचा म्हटला तर काय होत असेल?

दुसरा म्हणजे जागतिक बँक. तिचा पैसा ‘उमेद’मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आला. यवतमाळ हा ‘उमेद’च्या पहिल्या सघन जिल्ह्यांतला. पुढे २०१८ मध्ये तिच्याच कर्जावर पोकरा आला, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. खर्चाची वाटणी सरळ होती, ७० टक्के बँक, ३० टक्के राज्य. आमच्या जिल्ह्यासह पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं. वरची वाटणी अशी नेहमी सरळच असते.

खालची बघायला गावात या. पोकराची ग्राम कृषी संजीवनी समिती, उमेदचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, माविमचं लोकसंचालित साधन केंद्र, पाणलोटाची पाणलोट समिती. नावं वेगळी, सतरंजी तीच आणि सतरंजीवर बसलेल्या बायकाही बऱ्याचशा त्याच. कारण गावात सही करणारी, हिशेब समजणारी आणि बोलावल्यावर येणारी माणसं मोजकीच असतात; न्यूयॉर्कच्या ठरावानं ती वाढत नाहीत. फोटोला उभं राहा म्हटलं की एखादी विचारतेच, “काहून जी साहेब, परवाच तं काढला न फोटो!” परवाचा फोटो दुसऱ्या बॅनरखालचा होता, हे तिला कुणी सांगायचं?

ठिबकासाठी अर्ज करायचा तर पोकराचं संकेतस्थळ निराळं आणि राज्याचं महाडीबीटी निराळं. दोन्हींवरच्या ठिबकाच्या योजना एकाच कृषी खात्याच्या. सातबारा इथेही चढवावा लागे, तिथेही. कर्ज देणाऱ्याला आपला पैसा आपल्या खणात दिसला पाहिजे, म्हणून खण वेगळे. शेतकऱ्याचं वावर मात्र एकच असतं, त्याला खण नसतात.

दिल्लीत या आंतरराष्ट्रीय संस्था कशा राहतात? यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पत्ता ५५ लोदी इस्टेट, युनिसेफचा ७३, जागतिक बँकेचा बरीच वर्षं ७०. चहा निवण्याआधी एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात पोचता यायचं. आयफाडचं दिल्लीतलं छोटं कार्यालय तर धान्य वाटणाऱ्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पूर्वी मार्गावरच्या जागेत थाटलेलं होतं. जागा वाटून घेणं यांना उत्तम जमतं, भाडं वाचतं. रजिस्टर वाटून घ्यायचं म्हटलं की प्रत्येकाला आपली स्वायत्तता आठवते.

एकजुटीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००५ मध्ये पॅरिसला जाहीरनामा निघाला की देणाऱ्यांनी आपापल्या पद्धती जुळवून घ्याव्यात. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आठ देशांत ‘एक प्रमुख, एक कार्यक्रम, एक अंदाजपत्रक, एक कार्यालय’ असा प्रयोग केला. त्यात पाकिस्तान होता, आपण नव्हतो. मग २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांचा देशोदेशीचा निवासी समन्वयक यूएनडीपीपासून वेगळा काढला. या समन्वयकांच्या यंत्रणेला वर्षाला २८ कोटी डॉलर लागतील असा अंदाज निघाला. पैसा कुठून? सदस्य देशांनी खुशीनं द्यावा, संस्थांनी आपली वर्गणी दुप्पट करावी आणि ठरावीक कामासाठी बांधून आलेल्या देणग्यांतून १ टक्का कापावा. पुढे वर्षामागून वर्षं पैसा कमीच पडत गेला. ठरावाला सगळ्यांचे हात वर; तेच हात खिशाकडे न्यायचे म्हटले की लकवा. आता २०२५ पासून काटकसरीचा नवा फेरा सुरू आहे, त्यात संस्था एकमेकींत विलीन करण्याचीही भाषा आहे.

आम्हा यवतमाळकरांना यात नवल वाटत नाही. आमची शकुंतला रेल्वे याच तत्त्वावर धावायची. रूळ इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार भारतीय रेल्वे आणि दुरुस्तीवर पत्रव्यवहार. गाडी हळू जायची, पत्रं त्याहून हळू.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. या सगळ्या पसाऱ्यात टिकलं काय, तर बायकांची ती साधन केंद्रं. ‘तेजस्विनी’ २०१८ मध्ये संपली तरी केंद्रं उभी राहिली, कारण ती गटांच्या सेवाशुल्कावर चालतात. दर गटानं थोडं द्यायचं, त्यातून हिशेबनीस ठेवायचा, बँकेचं काम एकत्र करायचं. खर्च वाटून घेऊन कारभार एकत्र चालवणं म्हणतात ते हेच. त्यासाठी कुणी आठ देशांत प्रयोग केला नव्हता.

तर आता त्या तळाच्या ओळीकडे येऊ. लाभार्थी हिस्सा. त्यात शेतकऱ्याची रोकड धरतात, कधी अंगमेहनत धरतात. बैठकीला गेलेला दिवस कुठेच धरत नाहीत. कापूस वेचणीच्या हंगामात आमच्याकडे बाईची मजुरी किलोवर ठरते. सकाळची वेळ पथकासाठी सतरंजीवर गेली की तेवढे किलो गेले. पथकाला दैनिक भत्ता मात्र अगदी नियमानं मिळतो.

म्हणून पुढच्या करारात एक रकाना वाढवा. बैठक, फोटो, सर्वेक्षण आणि मान्यवरांचं स्वागत, सगळे तास वेचणीच्या दरानं मोजा आणि ज्यानं बैठक बोलावली त्याच्या नावावर टाका. दोघांनी एकाच आठवड्यात बोलावलं तर दोघांना दुप्पट लावा. रोम आणि वॉशिंग्टन महिन्याभरात एकाच सतरंजीवर येतात की नाही बघा. दर ठरवायला फक्त समिती नेमू नका.